तेरा जणींचं बोलणं

दारात ढीग रचायचा तर निदान तीस मुली लागतात. तळाला गुडघ्यांवर बसलेल्या, त्यांच्यावर ओणवलेल्या, त्यांच्याही वर खुर्च्यांवर चढलेल्या, आणि मधल्या फटींतून नुसते हात, केस नि दात. दार उघडलं की पायऱ्यांवरच्या पाहुण्या मुलींना अख्खी चौकट चेहऱ्यांनी लिंपल्यासारखी दिसली पाहिजे, आणि त्या चेहऱ्यांनी एका दमात टाळ्या पिटत घराचं नाव गर्जलं पाहिजे. ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजात पाच सोरॉरिट्या, म्हणजे मुलींच्या भगिनीमंडळ्या, आणि त्यांची पाच घरं. नव्या मुलींच्या भरतीच्या आठवड्यात पाचही घरांत हे असंच चालतं, आणि का चालतं हे कुणी कुणाला विचारत नाही.

टाउ मू थीटाच्या घरात त्या वर्षी उरल्या होत्या तेरा.

"पसरा गं जरा," कोरीन वॉस सांगत होती. कोरीन घराची अध्यक्ष, शेवटच्या वर्षाला, आणि तिचा आवाज असा की शेजारचं कुत्रंसुद्धा तिच्या हुकमानं बसायचं. "कोपरं बाहेर काढा. जागा खा."

"दोन जणींची खातेच आहे मी," तळातून पिप म्हणाली. "उन्हाळाभर आईच्या हातचं हाणलंय, त्याचा कुठंतरी उपयोग व्हायचाच होता."

ओडेसा क्रेब्सला समोरच्या फुटपाथवर उभं केलं होतं. रस्त्यावरून कसं दिसतं ते सांगायचं काम तिचं.

"जिना दिसतोय," ती म्हणाली.

"किती?"

"सगळा. वरच्या खिडकीपर्यंत."

कोरीननं खुर्चीवरून उडी मारली आणि आत गेली. सोरॉरिटीच्या मुख्य कचेरीचं पत्र मे महिन्यातच येऊन पडलं होतं. या भरतीत निदान दहा नव्या मुली आल्या नाहीत, तर घर बंद. पत्राची भाषा इतकी गोड होती की पहिल्या वाचनात दोघी-तिघींना ते अभिनंदनाचंच वाटलं होतं.

ओडेसाला ते पत्र पाठ होतं, कारण तिला एक धाकटी हवी होती.

या घरात रीत अशी, की नवी मुलगी आली की तिला एक थोरली मिळते. थोरली तिला सगळं शिकवते: हातात हात कसा द्यायचा, गाण्याच्या कुठल्या ओळीला उभं राहायचं, कुणाच्या नावावर का हसायचं. वर्षभरानं त्या धाकटीला स्वतःची धाकटी मिळते. जिन्याच्या भिंतीवर या माळा फोटोंनी लावलेल्या होत्या, खालून वर. ओडेसाची माळ सगळ्यांत लांब. एकोणीसशे एकसष्टमधल्या, केसांचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बुचडा बांधलेल्या एका बाईपासून निघून ती पिपपर्यंत यायची, पिपच्या वर ओडेसा, आणि ओडेसाच्या वर एक रिकामा खिळा. तो खिळा तिनं स्वतः ठोकला होता, वेळेआधीच.

हीच ओडेसा वर्षापूर्वी आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मक्याच्या शेतांमधलं दोन सिग्नलांचं गाव, शाळेत वर्गात अकरा पोरं, त्यातही ही शेवटच्या बाकावर. पिपनं तिला पहिल्या आठवड्यात समोर बसवलं, कुस्करलेल्या बटाट्यावर चिकनच्या शेवया वाढल्या आणि म्हणाली, "हे बघ, या घरात गप्प बसणाऱ्याला भांडी पडतात." तीन महिन्यांत ओडेसा अशी बोलायला लागली की पिपला पश्चात्ताप व्हायची वेळ आली. आता तिला वाटायचं, मुकं पोर बोलतं करायची ही विद्या आपल्याला येते. कुणावर तरी ती वापरायला मिळाली पाहिजे.

कॉलेज भरतीच्या दोन आठवडे आधी सुरू झालं. लेखनाच्या वर्गाला हॉलवर्सन नावाचे सर होते, बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं: एक संवादसमाज निवडा आणि त्याचा अभ्यास करा.

"म्हणजे अशी माणसं," ते म्हणाले, "ज्यांचं काहीएक समान उद्दिष्ट आहे, आणि ते गाठायला त्यांनी स्वतःचं असं एक बोलणं घडवलंय. स्वतःचे शब्द, स्वतःचे कागद, स्वतःच्या खुणा. नवा माणूस आला की तो ते बोलणं शिकेपर्यंत बाहेरचाच असतो. आणि लक्षात ठेवा, जुन्या जाणत्यांची संख्या फार घटली, तर तो समाज टिकत नाही."

कुणी अग्निशमन दल निवडलं, कुणी मासेमारीचा क्लब. ओडेसानं हात वर करून आपलं घर निवडलं. शेवटचं वाक्य ऐकून तिच्या डोक्यात दिवा पेटला होता. रोग कळला की औषध सापडतंच, असं तिचं त्या दिवसांतलं मत होतं.

मग ती हिरवी वही घेऊन घरभर फिरू लागली. सोमवारच्या सभेत टाळ्या वाजवत नाहीत, चुटक्या वाजवतात, हे तिनं लिहिलं. आवडलेल्या मताला जोरात चुटकी, न आवडलेल्याला दोन बोटं नुसती एकमेकांवर घासायची, आवाज न करता. लिहिलं. जेवणाच्या टेबलावर "नॅन्सी आली" म्हटलं की सगळ्या का खिदळतात, तेही लिहिलं. (नॅन्सी हा तळघरातला बॉयलर.)

"आता काय आमचे दात मोजणार का?" पिप म्हणायची.

"तोंड उघड. मोजते."

पण खरी गोष्ट सापडली ती तालमीत. भरतीची तालीम म्हणजे अर्ध्या जणींनी पाहुण्या व्हायचं आणि अर्ध्या जणींनी त्यांच्याशी गोड बोलायचं. दर पाच मिनिटांनी पाहुणी एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाते, पोळपाटावरून तव्यावर जावी तशी. ओडेसानं त्यासाठी वर्गातल्या दोन खऱ्याखुऱ्या बाहेरच्या मुली आणल्या आणि कोपऱ्यात बसून मोजलं. तासाभरात खोलीत त्रेचाळीस वेळा हशा झाला. त्यातल्या सदतीस वेळा पाहुण्या हसल्याच नाहीत, किंवा उशिरा हसल्या, ट्रॅफिकमध्ये मागच्यानं हॉर्न दिल्यावर निघावं तशा. घरातल्या मुली पाहुण्यांशी बोलतच नव्हत्या. पाहुण्यांच्या डोक्यावरून त्या एकमेकींशीच बोलत होत्या.

सोमवारच्या सभेत ती वही घेऊन उभी राहिली. वर्षापूर्वी हीच मुलगी हजेरीला "आहे" म्हणताना लाल व्हायची. आता तिनं खुर्ची मागे सरकवली आणि सणसणीत बोलली. घरातले शब्द भरतीत वापरायचे नाहीत. नॅन्सी नाही, गाणी नाहीत, खुणा नाहीत. ढीग तर अजिबात नाही, कारण तेरांचा ढीग म्हणजे आपल्यात काय कमी आहे त्याची जाहिरात. दार साधं उघडायचं, "ये" म्हणायचं, आणि समोरच्या मुलीला तिच्याबद्दल विचारायचं.

कुणाचीच बोटं वाजली नाहीत.

"म्हणजे आपण आपण असायचंच नाही," कोरीन म्हणाली.

"आपण आपण असल्यामुळेच अठ्ठावीसच्या तेरा झालो ना."

"अगं, चौदा जणी पदवी घेऊन गेल्या. वही बघून नाही गेल्या."

"आणि त्यांच्या जागी किती आल्या गेल्या वर्षी? मी आणि नाओमी. आणि नाओमी कॉलेज बदलून मिशिगनला गेली."

कोरीन पिपकडे वळली. पिप चार वर्षं भरतीत होती, तिला यातलं सगळ्यांहून जास्त कळत होतं. पिपनं ओडेसाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. तिची धाकटी अख्ख्या सभेपुढे उभी राहून बोलत होती, न अडखळता. पिपनं चुटकी वाजवली.

मतदान झालं. आठ विरुद्ध पाच.

भरतीचा पहिला दिवस शनिवारचा. रस्त्याच्या दुतर्फा घरं नुसती धडधडत होती. समोरच्या घरात सत्तर मुली, त्यांच्या टाळ्यांनी मेपलची पानं हलत होती म्हटलं तरी चालेल. पाहुण्या मुलींचा पहिला जथा टाउ मूच्या पायऱ्या चढला. दार उघडलं. दारात ओडेसा, निळ्या ड्रेसमध्ये, एकटी.

"या," ती म्हणाली.

पुढची मुलगी तिच्या खांद्यावरून आत डोकावली आणि मागच्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, "कुणी गेलंय का गं यांच्यात?"

कुजबूज म्हणून बोलली होती, पण त्या शांततेत ती थेट स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली.

ओडेसा डगमगली नाही. दुपारी शेवटच्या जथ्यातून तिच्या वाट्याला मार्लो नावाची मुलगी आली. बुटकी, खांदे कानांपर्यंत चढलेले, नावाची चिठ्ठी उलटी लावलेली. ओडेसानं ती सुलट केली आणि विचारलं, "आज सकाळपासून कुणी तुला काही विचारलं का, ज्याचं उत्तर द्यावंसं वाटलं?"

मार्लो विचारात पडली. "माझा आवडता रंग विचारला. चार घरांत."

"आणि?"

"पहिल्या घरात खरं सांगितलं. मग बदलत गेले."

दोघी हसल्या, अगदी एकाच वेळी. मार्लोनं मग सांगितलं की तिचा बाप धान्याच्या कोठारावर कामाला आहे, तिला घरी बोलायची सवयच नाही, आणि भरतीला ती आली ती खोलीतल्या मुलीनं फॉर्म भरला म्हणून. पाच मिनिटं झाली तरी ओडेसानं तिला पुढच्या हातात दिलं नाही. दहा झाली. चॉकलेटात बुडवलेल्या बकआयच्या लाडवांची ताटली तिनं मार्लोच्या मांडीवरच ठेवून दिली, आणि शेंगदाण्याचं लोणी टाळूला चिकटलं तरी मार्लो बोलतच राहिली. ही ती, असं ओडेसाला वाटलं. ही माझी.

बाकीच्या खोलीकडे तिचं लक्ष नव्हतं. तिथं बाकीच्या बारा जणी सोफ्यांच्या टोकांवर बसून साधंसरळ बोलायचा प्रयत्न करत होत्या, आणि साधंसरळ बोलायचं काय हे त्यांना सुचत नव्हतं. घरातला एकेक शब्द काढून घेतल्यावर त्यांच्याकडे हवामान उरलं होतं. पाहुण्या मान हलवत होत्या आणि खिडकीतून समोरच्या घराकडे बघत होत्या, जिथून गाण्याचा आवाज येत होता.

दिवसभरात एकशे चाळीस मुली येऊन गेल्या. रविवारी सकाळी यादी आली, परत यायला तयार असलेल्यांची. कोरीननं ती टेबलावर ठेवली आणि मोठ्यानं वाचली नाही. वाचायला होतंच काय, नऊ नावं. नऊच्या नऊ आल्या असत्या तरी दहा होत नव्हत्या.

"मार्लो आहे का?" ओडेसानं विचारलं.

कोरीननं तिच्याकडे जे बघितलं ते ओडेसाला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं. "आहे," ती म्हणाली. "तुझी आहे."

मग बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. रविवारी दुपारी कोरीननं पुन्हा ढीग रचायला लावला, पुन्हा गाणी, पुन्हा नॅन्सी. पण कालच्या शांततेनंतर आजचा आरडाओरडा म्हणजे सुतकातून थेट वरातीत. परत आलेल्या मुली पायऱ्यांवरच थबकल्या. ज्यांना कालचं घर आवडलं होतं त्यांना ते आज सापडेना. एक तर पत्ता तपासायला मागे फिरून पाटी वाचून आली.

"दोन्हीपैकी काहीतरी एक धरायचं होतं," संध्याकाळी खुर्च्या उचलताना पिप म्हणाली. रागानं नाही, नुसतं म्हणाली.

"एक धरलं असतं तर दहा झाल्या असत्या?"

पिपनं खुर्ची खुर्चीवर रचली. "नाही," ती म्हणाली. "मला नाही वाटत. जूनमध्येच मला वाटत नव्हतं."

"मग चुटकी कशाला वाजवलीस?"

"तू इतकं छान बोलत होतीस, ओडी."

ओडेसाला ते पिपनं दिलेल्या कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

शेवटी निमंत्रणं स्वीकारली तिघींनी. त्यात मार्लो. ती मंगळवारी पाठीवर पिशवी टाकून आली, जिन्यावरचे फोटो एकेक करून खालून वर बघत गेली, आणि रिकाम्या खिळ्यापाशी थांबून तिनं विचारलं, "इथं कोण होतं?"

"अजून कुणी नाही," ओडेसा म्हणाली.

गुरुवारी मुख्य कचेरीतून ट्राउटमनबाई आल्या. साठीच्या, नीटनेटक्या, कोटावर घराचीच सोन्याची पिन, आणि आवाज त्या पत्रासारखाच. त्यांनी तेराही जणींना दिवाणखान्यात बसवलं. सगळ्यांचे हात हातात घेतले. दहाची अट होती, तीन आल्या आहेत, आणि तेरा नि तीन सोळांनी चाळीस खोल्यांचं घर चालत नाही, एवढं त्यांनी तीन वेगवेगळ्या मायाळू पद्धतींनी सांगितलं. नव्या मुलीला घरात घेण्याच्या विधीचं पुस्तक, त्या विधीचे झगे आणि मेणबत्त्यांची पितळी घोडी त्या सोबत नेणार होत्या. महिनाअखेर घर रिकामं.

"आणि आम्ही?" कोरीननं विचारलं.

"तुम्ही कायमच्या आमच्याच, बाळांनो. आजपासून तुम्ही माजी सभासद. पिन तुमच्याजवळच राहील."

तेरा जणींतली सगळ्यात लहान ओडेसा, एकोणीस वर्षांची. माजी. तिनं तो शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला. गावाकडच्या चर्चमधल्या, गुडघ्यांवर शाल घेऊन बसणाऱ्या बायका तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

सभा मोडल्यावर ती ट्राउटमनबाईंच्या मागे तळघरात गेली. तिथं झगे घडी करून खोक्यात भरणं चाललं होतं. ओडेसानं आपला निबंध पुढे केला, बावीस पानी. रात्री जागून नाही, भर दुपारी ग्रंथालयात बसून, शहाण्यासारखा लिहिलेला. घराचं बोलणं कसं घडलं, कोणता शब्द कुठल्या वर्षी आला, कोण काय कुणाकडून शिकलं, सगळं त्यात होतं.

बाई उभ्या उभ्या चार-पाच पानं वाचून गेल्या. मध्येच हसल्या. चुटक्यांच्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या वेळीही हेच होतं," त्या म्हणाल्या. "किती सुरेख लिहिलंयस तू. ही प्रत आमच्या संग्रहाला देशील का?"

"संग्रहाला नको," ओडेसा म्हणाली. "मला दुसरं काहीतरी हवंय. मार्लोचा विधी करा. पुस्तक इथंच आहे, झगे इथंच आहेत, तुम्ही आहात. अर्ध्या तासाचं काम. घर जाऊ दे, पण तिला आत घ्या. फक्त तिला."

"कशासाठी?"

"म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी असेल."

ट्राउटमनबाईंनी झग्याची घडी पूर्ण केली, बाह्या आत दुमडल्या, वर हात फिरवला. मग त्या ओडेसाला समजावत होत्या तो आवाज सोडून निराळ्याच आवाजात बोलल्या, थकलेल्या.

"बाळ, आठ आठवडे शिकल्याशिवाय विधी होत नाही. आणि समजा केला. ती पोरगी उद्या कुठल्या घरात जाईल? कुणाबरोबर बसेल? एकदा विधी झाला की दुसरं कुठलं घर तिला घेत नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या माळेसाठी तिला बाहेर ठेवायचं?"

ओडेसाला हे माहीत होतं. निबंधाच्या सतराव्या पानावर तिनंच ते लिहिलं होतं. तिला ते आठवलं नव्हतं, कारण तिला ते आठवायचं नव्हतं. तिनं निबंध बाईंच्या हातातच ठेवला आणि वर आली.

मार्लोला सांगायचं काम तिनं मागून घेतलं. शुक्रवारी दुपारी दोघी भोजनगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसल्या. ओडेसानं सगळं सांगितलं. जे सांगितलं ते स्वच्छ होतं, एकही घरचा शब्द त्यात नव्हता.

मार्लोनं ऐकून घेतलं. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"समोरच्या घरानं काल विचारलं मला," ती म्हणाली. "त्यांच्यात जागा आहे म्हणे. मी गेले तर चालेल का?"

"चालेल की."

"तुला वाईट वाटेल."

"मला कशाला वाटेल," ओडेसा म्हणाली. "जा. बोलती होशील."

"बोलत होतेच ना तुझ्याशी."

ओडेसा पायरीवरची माती नखानं खरवडू लागली. मार्लो म्हणाली, "तू माझी थोरली होणार होतीस. आता मी तुला काय म्हणू?"

"ओडेसा म्हण."

"बरं," मार्लो म्हणाली, आणि तिनं ते एकदा म्हणून पाहिलं. मग उठली, पिशवी पाठीवर टाकली, आणि दोघींनी मिठी मारावी की नाही हे ठरेपर्यंत वेळ टळून गेली.

निबंधाला हॉलवर्सन सरांनी वर्गातले सगळ्यात जास्त गुण दिले. घर रिकामं झाल्यावर ओडेसानं कॉलेजच्या वसतिगृहात खोली घेतली. पिप डिसेंबरातच पदवी घेऊन कोलंबसला नोकरीला गेली आणि सुरुवातीला रोज फोन करायची, मग रविवारी.

हिवाळ्यात ग्रंथालयात मार्लो तिला अधूनमधून दिसायची. आता ती मुलींच्या घोळक्यात असायची, मोठ्यानं बोलायची, आणि कुठल्याशा नावावर सगळ्या एकदम खिदळायच्या. ओडेसाला बघितलं की ती घोळक्यातून निघून टेबलापाशी यायची. कशी आहेस, ती विचारायची. बरी, ओडेसा म्हणायची, तू? मजेत. परीक्षा जवळ आली. हो ना, आली. बाहेर बर्फ किती पडलाय. दोघी खिडकीकडे बघायच्या, पुढचं काहीतरी आठवतंय का म्हणून थांबायच्या, आणि मग मार्लो तिच्या मुलींकडे परत जायची.